पाठ झालेला तक्ता

माझी जाऊ वाईट असती तर माझं बरंच सोपं झालं असतं. वाईट जावेबद्दल कुणापाशीही बोलता येतं. माहेरी फोन करून बोलता येतं, शेजारणीला चहाला बोलावून बोलता येतं. चांगल्या जावेचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नाही. नळाला पाणी आलं की ती आधी माझी मोटार चालू करते आणि मग स्वतःची. तिची भाकरी टम्म फुगते. गल्लीतलं कुणाचंही पोर गुडघा फोडून आलं की रडत तिच्याच जिन्यानं वर जातं. आणि मी खाली उभी राहून जळते. हे मी लपवत नाही. लपवायला गेले तरी माझं तोंड मला साथ देत नाही.

घर दोन भावांचं, दोन मजली, सात रस्ता चौकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. खाली आम्ही, वर थोरले. जिना बाहेरून. माझी मुलगी आणि तिची मुलगी एकाच वर्षातल्या, मध्ये काही महिन्यांचंच अंतर. मी सोलापुरातच जन्मले, इथंच बी.कॉम. झाले. जाऊ केम गावाकडची. ती डी.एड. होऊन या घरात आली, पण शिक्षक भरतीच्या परीक्षेत दरवेळी थोडक्यात राहिली आणि शेवटी तिनं तो नाद सोडला. इतकी वर्षं शहरात काढून ‘हाय’ आणि ‘न्हाय’ मात्र सोडलं नाही. मी माझ्या मुलीला पहिल्यापासून ‘मम्मी’ म्हणायला शिकवलं, कारण मला ते ऐकायला छान वाटायचं. वरच्या मजल्यावर ‘आई’ होती, म्हणून माझी मुलगी तिला ‘मोठी आई’ म्हणू लागली. म्हणजे ‘आई’ तिकडं गेली, तीही मोठी होऊन. मूर्खपणा माझाच, पण राग तिचा येतो.

दोघी मुली महापालिकेच्या मराठी शाळेत, एकाच वर्गात. बालवाडीपर्यंत त्या इंग्रजी शाळेत होत्या. मग जावेनं पालिकेच्या शाळेत जाऊन तिथल्या बाई शिकवतात कशा ते दारात उभं राहून ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं, “चांगलं शिकवत्यात. मी हितंच घालणार.” थोरले दीर हो म्हणाले. माझ्या नवऱ्याला तर फी वाचल्याचाच आनंद. मी एकटी काय करणार? तिच्या पोरीमागं माझी पोर गेली. पुढंही तसंच चालत राहिलं. वर्गात पहिला नंबर वरच्या मजल्यावर जायचा आणि खालच्या मजल्यावर ‘प्रगती समाधानकारक’ यायचं. दोघींच्या वेण्या मात्र सारख्या असायच्या, कारण दोघींच्या वेण्या तीच घालायची. मला सकाळी दुकानात जायची घाई.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक आलं की त्याला खुर्चीत बसवायचं, समोरच्या पेटीतला दिवा लावायचा, आणि तक्त्यावरची अक्षरं वरून खाली वाचून घ्यायची. पुढचं नंबर काढायचं काम दुकानाच्या मालकांचं. पण पहिली पारख माझी, आणि त्यात मला कुणी फसवू शकत नाही. लायसन्सच्या डॉक्टरी तपासणीआधी ट्रकवाले येतात, ते तर बिलंदर. बाहेर बाकावर बसून पुढच्या गिऱ्हाइकाचं ऐकून ऐकून तक्ता पाठ करतात. एकदा एकानं तर मी दिव्याचं बटण दाबायच्या आधीच शेवटची ओळ खडाखडा म्हणून टाकली. मी म्हटलं, “दादा, दिवा लावू का आता?” सगळं दुकान हसलं. तेव्हापासून आम्ही तक्ता मधूनमधून पालटतो. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं आहेत.

मुली पाचवीत गेल्या त्या वर्षी शाळेनं पालकांची सभा बोलावली. विषय शिष्यवृत्तीच्या परीक्षेचा. आजवर बाईच हुशार मुलं निवडायच्या आणि तेवढीच बसवायच्या. आता म्हणे पाचवीतल्या प्रत्येक मुलाला बसणं सक्तीचं करायचं होतं. साऱ्या राज्यात एकच पेपर, काळ्या पेनानं गोल रंगवायचे, नकोसं झालं म्हणून कुणाला सुटका नाही.

मी दुकानातून सुट्टी काढून गेले. माझं सगळं ठरलेलं होतं. बाईंनी निवडायचं म्हटलं तर वरच्या मजल्यावरची मुलगी डोळे झाकून निवडली जाणार आणि माझी राहणार, हे मला दिसत होतं. सक्ती झाली की माझीही बसणार. आणि एकदा बसली की तिथं ना बाईंचा लाडका, ना वर्गातला नंबर. यंत्र पेपर तपासणार, यंत्राला जाऊ काय माहीत! मला एकदाच, फक्त एकदाच, माझी मुलगी तिच्या मुलीच्या पुढं गेलेली बघायची होती. सभेला येणाऱ्या सगळ्यांची काही ना काही कारणं असतील. माझं हे होतं.

वर्गातल्या लहान बाकांवर आम्ही मोठी माणसं गुडघे दुमडून बसलो. जाऊ पालक समितीवर असल्यामुळं तिला समोर खुर्ची. मी तिसऱ्या बाकावर, आणि बाकाचा खिळा साडीला लागत होता.

मुख्याध्यापिकांनी विषय सांगितला आणि एक रिक्षावाले पालक उठलेच. “माझ्या थोरल्याला असंच बशिवलं होतं. निकाल लागल्यावर भिंतीवर यादी डकवली. ह्याचं नाव खालनं पयलं. त्या दिवसापासनं शाळा म्हणलं की त्याच्या पोटात दुखतंय. सक्ती नको. ज्याला बसायचंय त्यो बसंल की.”

त्यांच्या शेजारी यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ होते, घरी तेलुगू बोलणारे. ते शांतपणे म्हणाले, “माझी मुलगी हिशेब तोंडी करती. पण पेपर मराठीत. प्रश्न वाचून होईपर्यंत वेळ संपतो. मग तिला गणित येत नाही असं लिहिणार ना तुम्ही?” यावर मुख्याध्यापिकांनी मान डोलावली आणि पुढच्या पालकांकडं बघितलं.

मग मागच्या बाकावरून सरकारी दवाखान्यात नर्स असलेली एक आई उभी राहिली. ती गणवेशातच आली होती, ड्यूटीवर जायची होती. “बाई, निवडून बसवता तवा कोण निवडतं? तुमीच की. दर वर्षी त्याच चार गल्ल्यांतली पोरं. आमच्या वस्तीतलं एक तरी निवडलं का आजवर? सगळ्यांना बसवा. पडली तर पडली. पण आमची पडणारच हायत असं आधीच कुणी ठरवायचं न्हाय.”

मला तिचं बोलणं इतकं पटलं की मी हात वर न करताच उभी राहिले. म्हटलं, “मी चष्म्याच्या दुकानात असते. आमच्याकडं तक्ता सगळ्यांना एकच. गरीब आहे म्हणून कुणाला मोठी अक्षरं दाखवत नाही, ओळखीचा आहे म्हणून कुणाला जवळ बसवत नाही. ज्याला जेवढं दिसतं तेवढंच कळतं. आणि तक्ता वाचायला भीती वाटते म्हणून कुणी डोळे झाकून गाडी चालवली तर चालेल का? परीक्षा सगळ्यांना पाहिजे.”

लोकांनी माना हलवल्या. रिक्षावाल्यांनीसुद्धा हलवली, गाडीचं उदाहरण त्यांना लागलं असावं. मी बसले. तेवढ्यात समोरच्या खुर्चीवरून जाऊ उठली. उठली म्हणजे पदर सावरला आणि हसली. तिचं हे हसूच मला बघवत नाही.

“जाऊबाई म्हणत्यात ते बरोबर हाय,” ती म्हणाली. “पण तुमच्या दुकानात तक्ता वाचून झाला की माणसाला चष्मा देता. हितं परीक्षा झाली की काय देणार? ज्याला दिसलं न्हाय त्याला फकस्त सांगणार, तुला दिसत न्हाय म्हणून? आधी चष्म्याचं बोला, मग तक्ता लावा. तोवर सक्ती नको.”

टाळ्या पडल्या. माझ्या बोलण्याला माना आणि तिच्या बोलण्याला टाळ्या. माझ्याच दुकानातला चष्मा घेऊन तिनं मलाच लावला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि वर मनात आलं ते असं, की हिची मुलगी तर निवडून येणारच आहे, हिला सक्ती कशाला हवी? दुसऱ्यांची पोरं बाहेर राहिलेलीच हिच्या फायद्याची. ज्यांना स्वतःला परीक्षा पास करता आल्या नाहीत त्यांनी परीक्षेवर बोलू नये, असंही जिभेच्या टोकावर आलं होतं. ते गिळलं, कारण घरी एकाच टाकीचं पाणी प्यायचं असतं.

शेवटी हात वर करायला सांगितले. सक्तीच्या बाजूनं जास्त हात आले, नर्सबाईंनी तर दोन्ही वर केले होते. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या की तसा वरून आदेश आलेलाच आहे, पण तुमची संमती असली की बरं वाटतं. मग तासभर भांडायला लावलं कशाला, असं रिक्षावाल्यांनी विचारलं. ते मलाही विचारायचं होतं, पण मी जिंकलेल्या बाजूची होते, म्हणून गप्प बसले.

घरी येताना जाऊ माझ्याबरोबरच चालत होती. “आता बसायचंच तर नीट बसवू दोघींना,” ती म्हणाली. “माझ्याकडं पाठव संध्याकाळी. दोघी एकदम करतील.”

“नको अक्का,” मी म्हटलं. “माझं मी बघते.”

आणि मी बघितलंही. पुस्तकांच्या दुकानातून सगळ्यात जाडं गाईड आणलं, सरावाच्या पेपरांचा गठ्ठा आणला. संध्याकाळी दुकानातून आले की हातपाय धुऊन मी आणि मुलगी पंख्याखाली बसायचो. ती पेपर सोडवायची, मी मागची उत्तरं बघून तपासायचे. चुकलेलं लाल करायचे आणि तोच पेपर पुन्हा द्यायचे. पहिल्या आठवड्यात निम्मे गोल लाल. मग कमी. मग आणखी कमी. दिवाळी होऊन गेली तोवर ती पेपर हातात घेतल्या घेतल्या गोल रंगवत सुटायची, आणि एकही चुकायचा नाही. मी नवऱ्याला हाक मारून दाखवायचे. तो म्हणायचा, “पोरगी निघाली की हुशार.” मी म्हणायचे, “निघाली नाही, मी काढली.”

वरच्या मजल्यावर काय चाललं होतं तेही मला गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसायचं. पेपर नाही, गाईड नाही. जाऊ आणि तिची मुलगी गच्चीवर चिंचोके मांडून बसलेल्या. कधी हातातला आरसा फिरवून घड्याळ उलटं बघायचं चाललेलं, कधी भेंडीच्या चकत्या वाटीत भरून किती उरल्या ते मोजायचं. माझ्या मुलीला हाक यायची, “ये गं, खेळायला.” मी म्हणायचे, “ती अभ्यास करतेय.” त्या दिवसांत मी खूश होते. जळण्यातून एवढी सुट्टी मला त्याआधी कधी मिळाली नव्हती.

मग शाळेनं सराव परीक्षा घेतली. पेपर दुसऱ्याच शाळेच्या शिक्षकांनी काढलेला. वरच्या मजल्यावर गुण भरभरून आले. माझ्या मुलीचे शेवटून मोजावे इतके.

मी बाईंना जाऊन भेटले, तपासण्यात चूक आहे म्हणून भांडले. बाईंनी पेपर समोर ठेवला. चूक त्यांची नव्हती. घरी येऊन मी मुलीला गाईडमधला तसाच प्रश्न दिला, तर तो तिनं पाहताक्षणी बरोबर सोडवला. “मग शाळेत काय झालं होतं तुला?” मी ओरडले. ती पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत राहिली. मी समजले, घाबरली. परीक्षेला घाबरते माझी पोर, आणि सक्ती मीच मागितली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण मला हे कळलं नाही की ती परीक्षेला नाही, मला घाबरत होती.

दोन-चार दिवसांनी दुकानातून आले तर खालचं दार ओढलेलं आणि जिन्याखाली तिच्या चपला. मी वर गेले. जिन्याच्या वळणावरच मला तिचा आवाज ऐकू आला. हसत होती. माझ्याजवळ अभ्यासाला बसून ती कधी हसल्याचं मला आठवेना.

आत जाऊ गाईडातला प्रश्न वाचत होती. “एका पेटीत आंबे हायत, त्यातले...”

“तीन नंबर,” माझी मुलगी म्हणाली.

“अगं, मी अजून प्रश्न तर पुरा वाचला न्हाय की.”

“तरी तीन नंबरच. पान उजवीकडचं, मधला गोल. मला सगळ्या पानांचे माहीत आहेत.”

आणि तिघी हसल्या. माझी मुलगी, तिची मुलगी आणि ती.

मी जिन्यात भिंतीला टेकून उभी राहिले. दिवा लावायच्या आधी ओळ म्हणून टाकणारा तो ट्रकवाला माझ्या डोळ्यांसमोर आला. दिवसभर दुकानात मी पाठ केलेले तक्ते पकडायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या मुलीकडून तेच पाठ करून घ्यायचे. तेच पेपर, तोच क्रम, आठवड्यामागून आठवडा. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण आमच्याकडं तर दिवा लावायचं काम माझंच होतं.

पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझ्या चुकीचं इतकं वाटलं नाही. मला टोचलं ते वेगळंच. ही गोष्ट तिनं हिला सांगितली. मी पंख्याखाली बसून रोज तिच्याकडं कौतुकानं बघत होते, तेव्हा तिला माहीत होतं की तिला काही येत नाही. ते तिनं मला सांगितलं नाही. वर येऊन हसत हसत मोठ्या आईला सांगितलं.

जाऊ बाहेर आली. मला बघून दचकली नाही. तिचं हे न दचकणंही मला आवडत नाही.

“तिला उत्तरं पाठ हायत गं,” ती हळू आवाजात म्हणाली. “आकडा बदलला की काय येत न्हाय. पाठांतर लई भारी हाय पोरीचं, त्येवढं खरं.”

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“पाठांतराची सवय लई दिवसापासनं माहीत हाय. पाढे बी तसंच म्हणती. मधनं विचारला की अडती. म्हणून तर सभेत नको म्हणत होते मी. म्हटलं, हिला आधी जरा वेळ मिळू दे. सगळ्यांसमोर उगं आपटायला नको.”

म्हणजे ती माझ्या मुलीसाठी बोलली होती. मी तिच्या मुलीच्या विरुद्ध, आणि ती माझ्या मुलीच्या बाजूनं. सभेतल्या टाळ्या मला परवडल्या असत्या. हे परवडेना.

“मग मला का नाही सांगितलंत, अक्का?”

“तू ऐकलं असतंस व्हय?”

त्यानंतर माझी मुलगी रोज वर जाऊ लागली. मी नाही म्हणू शकत नव्हते आणि हो म्हणताना माझा जीव जात होता. संध्याकाळी मी पंख्याखाली एकटी बसायचे. वर छतावर चिंचोके सांडल्याचा आवाज यायचा, मग तिघींचं हसणं. मी टीव्ही मोठा करायचे. एकदा मी सुट्टी टाकून तिच्या आवडीची मिरची भजी केली, म्हटलं आज खालीच बसेल. तिनं डबा भरला आणि म्हणाली, “वर नेते, सगळे खाऊ.” दुसऱ्या एका संध्याकाळी मीही आकडे बदलून प्रश्न विचारून बघितले. दुकानातला तक्ता पालटता येतो मला, गाईड पालटता येणार नाही का? मुलगी दोन प्रश्न थांबली आणि म्हणाली, “मोठी आई असं नाही विचारत. ती आधी विचारते, तुला काय वाटतं.” मी गाईड मिटलं.

तिच्या बोलण्यातही फरक पडत चालला. ‘कुठं’चं ‘कुटं’ झालं, ‘आहे’चं ‘हाय’ झालं. मी दर वेळी सांगायचे, आहे म्हण. ती म्हणायची, “व्हय.” नवऱ्याला यात गंमत वाटायची. तो म्हणाला, “आमची आई असंच बोलायची.” म्हणजे घरात सगळ्यांना सगळं आवडत होतं, एक मी सोडून.

एक मात्र मान्य करते, आणि तेही चरफडतच करते. तक्ता लावा म्हणून मी भांडले होते. तक्ता लागला, आणि माझ्या मुलीला दिसत नाही हे कळलं. परीक्षा सक्तीची झाली नसती तर ते मला कधीच कळलं नसतं. ती गोल रंगवत राहिली असती आणि मी नवऱ्याला हाका मारत राहिले असते. तेवढं माझं बरोबर होतं. पण सभेत विचारलेलं चष्म्याचंही तिचं बरोबर होतं, आणि शाळेनं दिला नाही तो चष्मा तिनंच वरच्या मजल्यावर घासून घासून तयार केला. कुणाला सांगायला गेले तर यात तिचंच नाव होणार. म्हणून मी सांगत नाही.

परीक्षा झाली. दोघींना सोडायला आम्ही दोघी गेलो. केंद्राच्या फाटकाशी तिनं दोघींच्या कपाळाला हात लावला. मी माझ्या मुलीला नवीन पेन दिलं. आत जाताना मुलीनं मागं वळून बघितलं, ते आमच्या दोघींच्या मध्ये कुठंतरी. माझ्याकडं असेल असं मी धरून चालते.

निकाल पुढं उन्हाळ्यात लागला. मी दुकानात होते. एक आजोबा तक्त्यासमोर बसलेले, त्यांना “थांबा जरा” म्हणून मी फोनवर बैठक क्रमांक टाकला. आधी माझ्या मुलीचा. पात्र. मग वरच्या मुलीचा. तीही पात्र. मग मी दोन्ही गुण पुन्हा पुन्हा बघितले, चष्मा काढून, चष्मा घालून. माझी मुलगी पुढं होती. थोड्याच गुणांनी, पण पुढं होती. आजोबा म्हणाले, “बाई, दिवा लावता का?” मी दिवा लावला आणि ते शेवटची ओळ वाचेनात तरी त्यांना “शाब्बास” म्हटलं.

मालकांना सांगून लवकर निघाले. सात रस्त्यावर पेढे घेतले. दुपारचं ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, पण मला रिक्षा करावीशी वाटली नाही. वाटेत मी सगळं घोकत होते. आधी मुलीला जवळ घ्यायचं. पहिला पेढा देवापुढं नाही, तिच्या तोंडात. मग तिला हाताला धरून जिना चढायचा, एकेक पायरी सावकाश. वर गेल्यावर आधी तिच्या मुलीचं कौतुक करायचं, भरपूर करायचं, आणि मग सहज म्हणायचं, आमची थोडी पुढं आहे हो. तो ‘सहज’ मला नीट जमेना, म्हणून मी तो कोपऱ्यापर्यंत म्हणून बघितला.

मुलगी दारातच होती. मी डबा उघडून एक पेढा हातात काढून धरला आणि दुसऱ्या हातानं फोन तिच्यासमोर धरला. तिनं वाचलं. तिचं तोंड उजळलं, आणि ती म्हणाली, “आणि तिचं?”

“तीही पात्र. पण तू...”

पुढचं तिनं ऐकलं नाही. माझ्या हातातला फोन घेतला आणि अनवाणी जिन्यावर पळाली. ऊन लागून पायऱ्या तापलेल्या होत्या, त्या तिला कळल्यासुद्धा नाहीत. “मोठी आई! मोठी आई!” सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक.

वर गलका झाला. कुणीतरी पातेलं पाडलं. मग जावेचा आवाज आला, “मम्मीला सांगितलंस का गं आधी?”

“तिला ठाऊक हाय की,” माझी मुलगी म्हणाली.

मी पहिल्या पायरीशी उभी होते. बोटांत धरलेला पेढा उन्हानं मऊ पडायला लागला होता. काय करणार? मीच खाल्ला.

तेवढ्यात जाऊ कठड्यावरून वाकली. डोळे पुसत होती, आणि तिला आपलं तोंड लपवायची गरज वाटत नव्हती. “अगं, खाली काय करतीस? ये की वर. तुझी पोरगी माझ्या पोरीच्या पुढं गेली!” हे वाक्य मी सात रस्त्यापासून घोकत आले होते. ते तिनंच म्हणून टाकलं, आणि माझ्यापेक्षा सहज म्हटलं.

मी वर गेले. माझी मुलगी तिच्या कमरेला मिठी मारून उभी होती. जावेनं माझ्या हातातला डबा घेतला, त्यातला पहिला पेढा उचलला आणि मला भरवला. माझा एक खाऊन झालाय हे मी तिला सांगितलं नाही. मुलीनं कमरेची मिठी काही सोडली नाही, आणि मी तोंड भरलेलं असल्यामुळं तिला हाक मारू शकले नाही.